प्रोसेसरला कूलर घेताना: हवा की पाणी, आणि किती पैशांत

नागपुरात कुणी "कूलर घ्यायचाय" म्हटलं की डोळ्यासमोर वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याची टाकी येते. मे महिन्यात भाच्याचा फोन आला, "मामा, कूलर बदलायचाय, सहा हजारांपर्यंत." मी त्याला खिडकीचं माप विचारलं. त्याला हवा होता तो प्रोसेसरवर बसणारा, दोन नळ्यांचा आणि रंगीत दिव्यांचा. शेवटी त्याचे अडीच हजारही गेले नाहीत, आणि मशीन गप्प झालं. ते कसं, हे त्याला फोनवर जसं तुकड्यातुकड्यांत सांगितलं तसंच इथे लिहितो.

एक शब्दांचा घोळ आधीच मिटवू. आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला "सीपीयू" म्हणतात. इथे डब्याला कॅबिनेट म्हणेन आणि आतल्या त्या चौकोनी चिपला प्रोसेसर. कूलर बसतो तो या चिपवर.

आधी ताप मोजा

औषध आणण्याआधी ताप बघतात, तसंच इथेही. विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा एचडब्ल्यूमॉनिटर ही फुकटची सॉफ्टवेअर आहेत, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स. त्यातला प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा आधी मशीन रिकामं असताना बघा. मग सिनेबेंच हे प्रोसेसरला दमवणारं चाचणीचं सॉफ्टवेअर लावून सगळ्या कोअर, म्हणजे प्रोसेसरचे आतले काम करणारे भाग, दहा मिनिटं कामाला जुंपा आणि पुन्हा बघा. सोबत खोलीचं तापमानही लिहून ठेवा, भिंतीवरचा साधा थर्मामीटर चालेल. ही शेवटची गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि आपल्याकडे खरी गोम तिथेच आहे.

आता आकडा वाईट कधी म्हणायचा? प्रत्येक प्रोसेसरची वरची मर्यादा ठरलेली असते. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६००ची ९० अंश सेल्सिअस, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५, इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बहुतेकांची १००. मर्यादा गाठली म्हणून प्रोसेसर जळत नाही, तो आपला वेग कमी करून स्वतःला सांभाळतो. रायझन ७६००एक्ससारखे काही प्रोसेसर तर पूर्ण भार आला की मुद्दामच ९५पर्यंत चढतात. एएमडीने त्यांची आखणीच तशी केली आहे. त्यामुळे ९५ दिसलं म्हणून रात्रीची झोप उडवून घेऊ नका.

दोन प्रश्न विचारा. कामाच्या भरात वेग, म्हणजे गिगाहर्ट्झचा आकडा, खाली घसरतोय का? आणि पंख्याचा आवाज असह्य होतोय का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर नवा कूलर घेऊ नका. ते पैसे एसएसडीत, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी येणाऱ्या वेगवान साठवणीत घाला, फरक रोज जाणवेल.

खोलीचं ऊन

यूट्यूबवरच्या बहुतेक चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या थंड खोलीत होतात. कुठलाही साधा कूलर, हवेचा असो वा पाण्याचा, प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि प्रोसेसर यांच्यातलं अंतर कमी करतो. समजा, तुमचा कूलर पूर्ण भारावर प्रोसेसरला खोलीच्या ५० अंश वर ठेवतो. पंचवीस अंशांच्या खोलीत ७५, सगळं छान. तेच मशीन ४० अंशांच्या खोलीत ९०, म्हणजे ५६०० असेल तर थेट मर्यादेवर. कूलर तोच, प्रोसेसर तोच, फक्त पत्ता चंद्रपूरचा.

म्हणून परदेशी चाचणीतला आकडा वाचताना त्यात आपल्या उन्हाळ्याचे दहा-पंधरा अंश मनातल्या मनात मिळवा. महाबळेश्वरला राहत असाल तर तुमचं नशीब.

खोलीत डेझर्ट कूलर असेल तर त्याचा फायदा कॉम्प्युटरलाही होतो. विदर्भाच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये तो खोली चांगलीच उतरवतो. फक्त कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका. प्रोसेसर खोलीपेक्षा गरमच असल्याने त्याच्यावर दव साचत नाही, पण झोतासोबत येणारे बारीक तुषार आणि बोअरच्या पाण्यातले क्षार मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य पाटीवर, बसलेले चांगले नव्हेत. कोकण-गोव्यात समुद्राजवळ दुसरं दुखणं असतं, खारी दमट हवा. तिथे पंख्याचे स्क्रू आणि पत्रे लवकर गंजतात, तेव्हा वर्षातून एकदा उघडून बघा.

बाजूचं झाकण काढून बघा

भाच्याच्या बाबतीत खरा चोर इथे सापडला. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढा आणि तीच दहा मिनिटांची चाचणी पुन्हा लावा. तापमान एक-दोन अंशच उतरलं तर कॅबिनेट ठीक आहे, कूलर कमी पडतोय. सात-आठ अंश किंवा त्याहून जास्त उतरलं, तर कूलर बिचारा आतलीच गरम हवा फिरवत बसला आहे. मग त्याच्या जागी कितीही महागडा आणलात तरी तोही तेच करणार.

भाच्याचं कॅबिनेट समोरून अखंड काचेचं होतं. दिसायला देखणं, पण हवा शिरायला कडेची बोटभर फट. मागे एकच पंखा. त्याला १२० मिलिमीटरचा एक पंखा समोरून हवा आत ओढायला लावायला सांगितला. असा पंखा चार-पाचशे रुपयांत येतो. आतली धूळही झाडली, कारण काचेमागच्या जाळीवर गादीच्या कापसासारखा थर बसला होता. एवढ्यानेच निम्मं काम झालं. पुढचं कॅबिनेट घ्याल तेव्हा समोर जाळी असलेलंच घ्या, काच हवी तर बाजूला असू दे.

आणखी एक फुकटचा उपाय बायॉसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये असतो. रायझनच्या अनेक मदरबोर्डांवर कमी विजेवर चालवणारा "इको मोड" असतो. रायझन ५ ७६००एक्स मुळात १४२ वॉटपर्यंत वीज ओढतो, ६५ वॉटच्या इको मोडमध्ये तो ८८वर थांबतो. खेळांत त्याचा फरक सहसा जाणवत नाही, उष्णता मात्र पुष्कळ उतरते. इंटेलच्या नावाशेवटी "के" असलेल्या प्रोसेसरांना काही मदरबोर्ड मुळातच वाटेल तेवढी वीज देऊन ठेवतात. तिथे पीएल१ आणि पीएल२ या विजेच्या दोन मर्यादा हाताने घाला. शंभर-सव्वाशे वॉट वाचवले तर तेवढ्या ताकदीचा कूलर विकत घ्यावा लागत नाही, आणि वीजबिलही कमी येतं.

आता वॉट मोजा

इतकं करूनही ताप उतरला नाही, तर कूलर घ्या. कुठला, ते प्रोसेसर प्रत्यक्षात किती वॉट ओढतो यावर ठरतं. प्रोसेसरच्या खोक्यावरच्या "६५ वॉट टीडीपी"वर, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या उष्णतेच्या आकड्यावर नाही. टीडीपी हा त्या प्रोसेसरचा पगार समजा, खर्च वेगळा असतो.

काही ठोस आकडे देतो. रायझन ५ ५६००चा टीडीपी ६५ वॉट, खरी मर्यादा ७६. रायझन ५ ७६००चाही टीडीपी ६५, मर्यादा ८८. इंटेल आय५-१२४००च्या कागदांवर मूळ आकडा ६५ आणि टर्बोचा, म्हणजे जास्तीच्या वेगाने धावतानाचा, ११७. आय७-१४७००केचा मूळ आकडा १२५, टर्बोचा २५३! रायझन ९ ९९५०एक्सचा टीडीपी १७० आणि मर्यादा २३०. तुमच्या प्रोसेसरचा आकडा कंपनीच्या पानावर बघा, किंवा चाचणी चालू असताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये "पॅकेज पॉवर" वाचा. ती सगळ्यांत खरी साक्ष.

मग माझा हिशेब असा. नव्वद वॉटच्या आत असाल आणि खोली फार तापत नसेल तर प्रोसेसरच्या खोक्यातून आलेला कूलर चालतो, थोडा आवाज करेल इतकंच. एएमडीचा रेथ स्टेल्थ हा जेमतेम ५४ मिलिमीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा आहे, त्यात उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्याच नाहीत. पुण्यात तो निभावतो, नागपूरच्या मे महिन्यात धापा टाकतो. नव्वद ते दीडशे वॉटला एका मनोऱ्याचा, म्हणजे पत्र्यांच्या एका उभ्या गठ्ठ्याचा, हवेचा कूलर. दीडशे ते दोनशेला दोन मनोऱ्यांचा. त्याच्यावर, तेही तासन्‌तास रेंडरिंग किंवा कोड कंपाइल करत असाल, तरच पाण्याचा विचार. नुसते खेळ खेळणाऱ्यांनी हे आकडे एक पायरी खाली धरावेत, कारण खेळात प्रोसेसर क्वचितच पूर्ण वीज ओढतो.

कूलरच्या खोक्यावर "२२० वॉट", "२६० वॉट" असं ठळक छापलेलं असतं. ते किती अंशांच्या खोलीत आणि किती आवाजात, हे प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ठरवते. दोन कंपन्यांचे असे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

हवेच्या कूलरमध्येही पाणीच असतं

बाहेरून तांब्याच्या नळ्या आणि पत्र्यांचा गठ्ठा दिसतो. त्या नळ्या भरीव नसतात. आत अगदी थोडं पाणी असतं आणि हवा जवळजवळ काढून टाकलेली असते, त्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते. वाफ पत्र्यांकडे पळते, तिथे थंड होऊन पुन्हा पाणी होतं, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, परत येतं. पंप नाही, मोटर नाही. खराब होण्यासारखा एकच भाग म्हणजे बाहेरचा पंखा, आणि तो चार-पाचशे रुपयांत बदलता येतो.

म्हणूनच स्वस्तात घ्यायचं असेल तर माझं मत सरळ हवेच्या बाजूने आहे. चार नळ्यांचा, एका १२० मिलिमीटर पंख्याचा मनोरा साधारण दीड ते अडीच हजारांत मिळतो. डीपकूलचा एके४०० किंवा कूलर मास्टरचा हायपर २१२ ही याच गटातली ओळखीची नावं. दोन मनोरे, सहा नळ्या, दोन पंखे अशी जोडी साडेतीन-चार हजारांच्या पुढे सुरू होते. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई यात फार लोकप्रिय आहे, आणि ते उगीच नाही. भाव रोज हलतात, तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दोन दुकानांत आणि दोन संकेतस्थळांवर विचारूनच घ्या. ऑनलाइन भावात जीएसटी आणि पाठवणी धरली आहे का, तेही बघा.

मग पाण्याचा कुणी घ्यावा?

बंद नळ्यांच्या या कूलरला एआयओ म्हणतात. प्रोसेसरवर पंप असलेली तांब्याची तबकडी, दोन रबरी नळ्या, आणि कॅबिनेटच्या भिंतीला पंख्यांसह रेडिएटर. पाणी उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं, पण शेवटी ती हवेतच सोडतं. आकार रेडिएटरवरून सांगतात: १२०, २४०, ३६० मिलिमीटर, म्हणजे एक, दोन, तीन पंखे.

१२०चा घेऊच नका. एका पंख्याचा तो रेडिएटर चांगल्या मनोऱ्याच्या पुढे जात नाही, वर पंपाचा आवाज आणि दुप्पट किंमत. २४०चा साधारण पाच ते आठ हजारांत येतो आणि चांगल्या दोन-मनोऱ्यांच्या कूलरशी बरोबरी करतो, कधी थोडा पुढे जातो. खरा फरक ३६०मध्ये दिसतो, पण तोवर आपण "स्वस्त" हा शब्द मागे सोडलेला असतो.

एआयओची एक गंमत माहीत असू द्या. पाणी तापायला वेळ लागतो, म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं आकडे फार गोड दिसतात. अर्ध्या तासाने पाणी तापून स्थिर झालं की खरा आकडा कळतो. दुकानातल्या दोन मिनिटांच्या प्रात्यक्षिकावर भाळू नका.

आणि आयुष्य. पंप ही चालती मोटर आहे, ती कधीतरी थांबणार. रबरी नळ्यांतून पाणी वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं उडून जातं, ते भरायची सोय बहुतेक एआयओत नसते. गळती क्वचितच होते, पण झाली तर पाणी खालच्या ग्राफिक्स कार्डावर पडतं. म्हणून सेकंडहँड एआयओ कितीही स्वस्त मिळाला तरी हात लावू नका. सेकंडहँड हवेचा मनोरा मात्र खुशाल घ्या, फक्त सोबतचे स्क्रू आणि पट्ट्या पूर्ण आहेत का ते मोजून.

तरीही पाण्याचा घ्यावा असे प्रसंग आहेत. २५० वॉटचा प्रोसेसर दिवसभर राबत असेल. किंवा कॅबिनेट इतकं अरुंद असेल की मनोरा मावतच नाही, पण छताला २४०चा रेडिएटर बसतो. दिव्यांसाठी घेत असाल तर तेही कारण आहे, फक्त स्वतःशी तसं कबूल करा.

पट्टी घेऊन बसा

पैसे देण्याआधी तीन मापं बघा. पहिलं उंचीचं. कॅबिनेटच्या माहितीत "कूलरची कमाल उंची" दिलेली असते. एके४०० किंवा पीअरलेस असॅसिन साधारण १५५ मिलिमीटर उंच आहेत, नॉक्टुआचा एनएच-डी१५ तर १६५. कॅबिनेट १५० म्हणत असेल तर झाकण लागणार नाही, कितीही दाबलंत तरी.

दुसरं माप रॅमचं. दोन मनोऱ्यांच्या कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. रॅमवर उंच नक्षीदार पत्रे असतील तर पंखा वर सरकवावा लागतो, आणि मग एकूण उंची वाढते.

एआयओ घेत असाल तर तिसरं माप. २४०च्या रेडिएटरची लांबी २४० नसते, दोन्ही टोकांच्या टाक्या धरून पावणेतीनशेच्या आसपास जाते. जाडी २७, पंखा २५, म्हणजे छताखाली किमान ५२ मिलिमीटर मोकळे हवेत.

सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा, तोही जुळला पाहिजे. २०२१मध्ये आलेल्या इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटची कूलर बसवायची छिद्रं एकमेकांपासून ७८ मिलिमीटरवर आहेत, त्याआधीच्या एलजीए १२००ची ७५वर. तीन मिलिमीटर, पण जुना कूलर बसत नाही. एका दुकानात मला "बसतो सगळ्याला" म्हणून असाच एक कूलर दिला होता, घरी येऊन खोका उघडल्यावर कूलर बसवायची पट्टीच निघाली नाही. एएमडीत एएम४ आणि २०२२च्या एएम५ या सॉकेटांची छिद्रं सारखीच आहेत, म्हणून एएम४चे बरेच कूलर एएम५वर चालतात. फक्त एएम५ची मागची प्लेट निघत नाही, तेव्हा स्वतःची वेगळी प्लेट लागणारे कूलर टाळा.

बसवताना

जुना कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट ऊब येऊन मऊ होऊ द्या. मग बंद करा, प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर सरळ वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हलका पिळा. एएम४मध्ये पिना प्रोसेसरला असतात. हिसका दिलात तर प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि पिना वाकतात.

एएम४वर आणखी एक फजिती होते. प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांचे स्क्रू काढले की मदरबोर्डामागची प्लेट सुटून खाली पडते. एका हाताने ती मागून धरा. पट्ट्या फेकू नका, काही कूलर त्यांच्यावरच अडकतात.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने, लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसा. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी. लोणी नाही ते, सगळीकडे थापायची गरज नसते, कूलरच्या दाबाने ती आपोआप पसरते. आणि तबकडीवरचं पातळ प्लास्टिक काढलंय ना? हसू नका. ते न काढता बसवणारे अनुभवी लोकही मी पाहिलेत.

स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे आवळा: हा दोन वळसे, मग तिरका समोरचा दोन वळसे. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर तबकडी कलते. पंख्याची दिशा अशी ठेवा की हवा कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे जाईल. पंख्याची आडव्या दांड्यांची बाजू असते तिकडून हवा बाहेर पडते. वायर "सीपीयू फॅन" लिहिलेल्या चार पिनांच्या जागी, नाहीतर सुरू करताच मशीन तक्रार करतं. एआयओचा पंप "एआयओ पंप"च्या जागी, पूर्ण वेगावर. रेडिएटर शक्यतो छताला लावा. समोर लावलात तर त्याचा वरचा काठ पंपापेक्षा उंच राहू द्या. आतली हवा वर जाऊन बसते, ती पंपात शिरली तर गुरगुर सुरू होते आणि पंप लवकर जातो.

नंतर

तीच दहा मिनिटांची चाचणी, तोच थर्मामीटर. खोलीचं तापमान वजा करून दोन्ही वेळचे आकडे तोला. एआयओ असेल तर अर्धा तास. अपेक्षेइतका फरक नसेल तर आधी पेस्ट आणि स्क्रू तपासा, कूलर परत करायला धावू नका.

हॉस्टेलवरून घरी मशीन नेणाऱ्या मुलांसाठी एक गोष्ट. उभ्या कॅबिनेटमध्ये मनोरा मदरबोर्डाला आडवा लटकलेला असतो. एनएच-डी१५सारखा पंख्यांसह तेराशे ग्रॅमच्या वर जाणारा कूलर एसटीच्या खड्ड्यांत बोर्डाला वाकवू शकतो. कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली आणि कूलर त्यावर उभा. कुरिअरने पाठवत असाल तर जड मनोरा काढून वेगळा बांधा.

दिवाळीच्या साफसफाईत कॅबिनेटही धरा, आणि होळीनंतर, ऊन चढायच्या आधी, पुन्हा एकदा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. नाहीतर ती भरधाव फिरतात आणि बेअरिंग जातं.